एकोणिसावा थर

माझ्या मावसबहिणीचं एक पत्र दहा महिने माझ्याकडे पडून होतं. हरवलं नव्हतं. शब्दकोशाच्या दुसऱ्या भागात, अगदी मधोमध ठेवलं होतं, आणि तो भाग उघडायला मी रोज काही ना काही कारण काढत असे. पत्र काढायचं, वाचायचं, परत ठेवायचं. उत्तर तेवढं द्यायचं नाही.

पत्र लहानच होतं. "दादा, फोनवर माझं बोलणं आता लोकांना नीट कळत नाही, म्हणून लिहिते. मिस्त्रीचं झालं तेच ऑपरेशन माझंही झालं, त्याच बाजूचं. चार महिने झाले. उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. फळ्याच्या खालच्या अर्ध्या भागातच लिहिते, मागच्या बाकांवरची मुलं उभी राहून वाचतात. हेडमास्तर म्हणतात, वर्गाचा त्रास नको, तुम्ही कपाटं सांभाळा. पुढच्या वर्षीची शाळा उघडेपर्यंत मी मुदत मागून घेतली आहे. मिस्त्रीचा हात वर गेला का? धीर देऊ नकोस, धीर देणारे इथे पुष्कळ आहेत. खरं काय ते लिही."

मिस्त्री म्हणजे माझा धाकटा भाऊ. सगळं गाव त्याला मिस्त्री म्हणतं आणि मीही म्हणतो. गावातली निम्मी घरं त्याच्या हातची. मी एकतीस वर्षं वाचनालयात पुस्तकं दिली आणि घेतली. सरळ रेष मारायची तर मला अजून पट्टी लागते. त्याच्या परसातली सुटी खोली माझी. तिथून मला त्याचं परसदार दिसतं आणि परसदारातली विटांची उघडी भिंतही. घर बांधून सोळा वर्षं झाली, पण मागच्या भिंतीला गिलावा झालाच नव्हता. माझी भावजय त्याच्याच हाताखाली माल कालवते, घमेली उचलते. तिचं रोजचं पालुपद होतं, "लोकांच्या भिंती आरशासारख्या आणि आमची उघडी. विचारलं कोणी तर सांगते, मिस्त्री मिळत नाही."

जिभेच्या कडेला एक जखम झाली होती, ती महिनाभर भरेना. तपासलं तर कॅन्सर. जिभेचा तेवढा तुकडा काढला आणि तो पसरू नये म्हणून उजव्या बाजूने मानही उघडली. कानामागून निघालेला व्रण गळपट्टीच्या हाडापर्यंत आला होता. पुढे सहा आठवडे किरणांचे. ते सगळं त्याने मुकाट्याने सोसलं. आजार गेला, असं डॉक्टर म्हणाले त्या दिवशी भावजय दवाखान्याच्या पायरीवर बसली आणि पायातली चप्पल काढून नुसतीच बघत राहिली.

मग घरी आल्यावर त्याने सदरा घालायला घेतला.

डावा हात बाहीत गेला. उजवा कोपरापर्यंत वर आला आणि थांबला. त्याने पुन्हा केलं, पुन्हा थांबला. खांदा पुढे झुकून खाली आला होता. मागून पाहिलं तर खांद्यामागचं, पाठीचं पातं एखाद्या निखळलेल्या कवाडासारखं बाहेर आलेलं. भावजयीने बाही धरली. तो म्हणाला, "लग्नात तरी घातला होतास का मला असा?" ती म्हणाली, "तेव्हा हात नीट होते तुमचे, अक्कल नव्हती." दोघं हसले. मी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं.

डॉक्टरांनी सांगितलं होतं की खांदा उचलणारी जी नस आहे ती कापलेली नाही, पण ओढली गेली आहे. जागी व्हायला महिने लागतील. वर्षही लागेल. पूर्ण जागी होईलच असं नाही. दवाखान्यात व्यायाम शिकवणाऱ्या एक बाई होत्या, मिस्त्रीच्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी चार गोष्टी शिकवल्या. उताणं झोपून दोन्ही हातांत काठी धरायची आणि चांगल्या हाताने दुखऱ्या हाताला डोक्यामागे न्यायचं. पाठीची दोन्ही पाती मागे, एकमेकांकडे खेचायची. भिंतीपुढे उभं राहून बोटांनी भिंत चढायची. आणि चालताना हात लोंबू द्यायचा नाही, खिशात ठेवायचा.

खिशात हात घालून मिस्त्री चौकातून गेला तर पानवाला म्हणाला, "साहेब झालात की!" मिस्त्री म्हणाला, "बढती मिळाली."

भिंत चढायला त्याने आपली उघडी भिंतच घेतली. त्याचं कारण साधं होतं. विटांचे थर मोजता येतात. सांध्यात बोट टेकतं. पहिल्या शनिवारी बोटं कमरेपाशी ठेवली आणि गोगलगाईसारखी वर निघाली. अकराव्या थरापाशी थांबली. कपाळावर घाम आला होता. भावजयीने सुताराची जाड पेन्सिल घेतली आणि तिथे रेघ मारली. डावा हात एकविसाव्या थराला लागत होता. तिथेही तिने एक रेघ मारली, जाड.

"दहा थर," मिस्त्री म्हणाला. "दहा थर मी एका सकाळी रचतो."

दर शनिवारी एक रेघ. रोज पाच वेळा व्यायाम, काम असो नसो. मी खिडकीतून बघत असे. एकदा वाचनालयातून शरीरशास्त्राचं एक जुनं पुस्तक आणून त्याला त्या स्नायूचं चित्र दाखवलं, दोन परिच्छेद वाचूनही दाखवले. तो शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "दादा, मला कळलं. आता हेच जरा हाताला वाचून दाखव." मी पुस्तक दुसऱ्या दिवशी परत केलं.

पण रेघा भराभर वर जात होत्या. बारा, तेरा, साडेचौदा. दहाव्या आठवड्यात सोळावा थर! मिस्त्रीने त्या दिवशी स्वतः केस विंचरले, वाकून, मान तिरकी करून, पण स्वतः. सोमवारी हत्यारांची पिशवी काढली. पिशवीचा पट्टा उजव्या खांद्यावरून तीनदा घसरला, तेव्हा त्याने तो डाव्या खांद्यावर घेतला आणि निघाला. भावजय मागोमाग. मीही गेलो. का गेलो ते मला सांगता येणार नाही.

काम एका गोदामाच्या आतल्या बाजूचं होतं. मिस्त्री आजारी पडल्यापासून त्याची माणसं भावजयीचा भाऊ सांभाळत होता. मेव्हणा स्वभावाने चांगला, थोडा घाईचा. "या दाजी," म्हणाला आणि बाजूला झाला. मिस्त्रीने थापीवर माल घेतला. भिंतीच्या खालच्या अंगाला दोन-तीन थापा बसल्या, तशाच, जुन्या, चप्प आवाजाच्या. मग त्याने डोक्याच्या उंचीवर हात नेला. हात गेला, पण वळला. थापी भिंतीला लागायच्या आधीच माल सुटला आणि त्याच्या तोंडावर पडला, डोळ्यात, मिशीत. त्या बाजूच्या कानाला आणि गालाला तेव्हा अजून बधिरपणा होता. गालावर ओघळ आलेला त्याला कळलाच नाही. तो तसाच दुसरी थाप घेऊ लागला.

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. मेव्हण्याने हलकेच थापी त्याच्या हातातून घेतली आणि मागे वळून हाक मारली, "अरे, दाजींना खुर्ची आणा कोणीतरी."

खुर्ची आली. प्लॅस्टिकची, निळी. मिस्त्री तिच्यावर बसला. तीस वर्षांत कामावर मी त्याला बसलेला पाहिला नव्हता. भावजयीने पदर भिजवून त्याचं तोंड पुसलं आणि घमेलं उचलून कामाला लागली. दुपारपर्यंत तो बसून होता. येणारेजाणारे विचारत, "काय मिस्त्री, आराम?" तो म्हणे, "आराम."

संध्याकाळी घरी आल्यावर भावजय हातपाय न धुता परसदारी गेली. पिशवीतून ओळंबा काढला. दोरीला बांधलेलं पितळी वजन, भिंत सरळ उभी आहे की नाही ते बघायचं. वीस वर्षं तो परांचीवरून सांगत आला होता आणि ती ओळंबा धरत आली होती.

"उभे राहा," ती म्हणाली. "चढवा हात."

तो चढवू लागला. तिने दोरी त्याच्या मानेच्या मणक्याशी धरली आणि वजन खाली सोडलं. बोटं तेराव्या थरापर्यंत गेली तोवर दोरी पाठीच्या कण्यावर होती. चौदाव्याला कंबर डावीकडे सरकली. पंधराव्याला अख्खं धड कललं. सोळाव्याला पोचला तेव्हा वजन त्याच्या डाव्या टाचेच्याही बाहेर, वीतभर लांब लोंबत होतं.

"भिंत असती तर पाडायला लावली असती तुम्ही," ती म्हणाली.

मिस्त्रीने वळून त्या वजनाकडे पाहिलं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या भिंतींतला बोटभर झोलही हेरला होता त्याने. हात वर जात नव्हता, तो स्वतःच वाकत होता. तीन थर त्याने अंगाने चोरले होते आणि त्याला ते कळलं नव्हतं. आम्हालाही नाही, आम्ही सगळे बोटांकडे बघत होतो.

"पूस त्या," तो म्हणाला.

तिने वरच्या रेघा पुसल्या नाहीत. त्यांच्यावर फुली मारली. तेराव्या थरावर नवी रेघ ओढली. "आजपासून मी धरणार ओळंबा. दोरी सुटली की थांबायचं."

बहिणीचं पत्र आलं ते त्याच आठवड्यात, शुक्रवारी. मी तिला काय लिहिणार होतो? हात गेला होता पण तो खोटा होता? पुढे जाईल? कोण म्हणतं? मी सहा वेळा लिहायला बसलो. एकदा चार पानं झाली. त्यात धीर सोडून काही नव्हतं, म्हणून फाडली. एकदा "नाही" एवढंच लिहिलं. ते टाकायला पेटीपर्यंत गेलो आणि परत आलो. मला वाटलं, जरा थांबावं, काहीतरी नक्की होऊ दे. खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. माझ्या शब्दावर कोणी आपली नोकरी ठरवावी एवढा माझ्या शब्दावर माझाच भरवसा नव्हता.

आणि नक्की असं काही होईना. पुढचे आठवडे तेराव्या थरावरच गेले. एकाच जागी रेघेवर रेघ मारून तिथली वीट काळी झाली. पहाटे उठलो की मला काठी खाटेच्या लोखंडी कडेला लागल्याचा आवाज यायचा. एक, दोन, पंधरापर्यंत. मग पाती मागे खेचणं. ते बघायला काहीच नसतं. एक माणूस भिंतीला तोंड करून उभा आहे, त्याची बायको मागे दोरी धरून उभी आहे आणि काही म्हणजे काही हलत नाही. तो मात्र घामाने निथळत असतो. मी आयुष्यात पुष्कळ शूर माणसांबद्दल वाचलं आहे. त्यांच्यापुढे निदान शत्रू तरी होता.

दिवसा तो कामावर जाई आणि निळ्या खुर्चीत बसे. हळूहळू त्याने खुर्ची भिंतीजवळ ओढली. मग तोंडाने सांगू लागला. "तो कोपरा दाबला नाहीस." "पाणी जास्त झालंय, बाईसाहेब, खीर केलीत का?" खालच्या अंगाचं काम डाव्या हाताने शिकू लागला. वाकडं व्हायचं. स्वतःच खरवडून टाकायचा.

एकदाच तो चिडलेला मी पाहिला. थंडीचे दिवस होते, मान आणि खांदा रात्रंदिवस ठणकत होता. त्याने काठी परसात भिरकावली. "बस झालं. खुर्चीवर बसून मुकादमी करीन. कित्येक करतात."

भावजय काठी आणायला गेली नाही. म्हणाली, "करा ना. मी कुठे नाही म्हणते? पण मग ती भिंत माझ्या भावाकडून करून घेईन मी. आणि तो कसा गिलावा करतो ते तुम्हाला रोज तोंड धुताना बघावं लागेल."

त्याने भिंतीकडे पाहिलं. मग उठला, काठी आणली, धोतराच्या फडक्याने पुसली आणि आडवा झाला. "एक," त्याने मोजलं.

किती आठवडे झाले होते मला आठवत नाही. थंडी ओसरत आली होती. सकाळची वेळ. तो पाती खेचत होता. भावजयीने एका हाताने दोरी धरली होती आणि दुसरा तळवा त्याच्या उजव्या पात्यावर टेकवला होता, व्यायामाच्या बाईंनी सांगितलं होतं तसा. एकाएकी ती म्हणाली, "थांबा."

"काय झालं?"

"परत करा."

त्याने केलं. तिने दोरी सोडून दिली. दोन्ही तळवे पाठीवर ठेवले.

"आतून काहीतरी सरकलं. भाऊजी! इकडे या. तुम्ही बघा."

मी घाबरत हात ठेवला. सदऱ्याआड हाड होतं आणि हाडावर, मासा पाण्यात वळावा तसं, अगदी बारीक काहीतरी वळलं. पुन्हा वळलं. मिस्त्री भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "दादा, तुझा हात गार आहे, काढ आता."

त्या शनिवारी रेघ अर्ध्या विटेने वर गेली. दोरी सरळ होती. मग चौदा. मग तीन आठवडे पुन्हा काही नाही. मग एकदम पंधरा. सोळाव्या थरावरच्या जुन्या फुलीशी तो पोचला तेव्हा तिने फुलीशेजारी नवी रेघ ओढली. पिशवीचा पट्टा आता उजव्या खांद्यावर टिकू लागला. सतरा. अठरा. उन्हं तापू लागली तेव्हा एकोणिसावा थर. तिथे थांबलं. सहा शनिवार एकोणिसावाच. बाईंनी तपासून सांगितलं, बहुधा एवढंच. वरचे दोन थर येतील, न येतील. खांदा एक बोट खाली राहील. संध्याकाळी दुखेल.

मिस्त्रीने विचारलं, "एकोणिसावर काम होतं का?"

बाई म्हणाल्या, "ते तुम्हीच सांगा."

घरी येऊन त्याने मेव्हण्याला निरोप धाडला. "उद्या माल कालवायला ये. आमच्याकडे भिंत आहे."

सकाळी सगळं परसात मांडलं गेलं. मेव्हणा वाळू चाळत होता, भावजय भिंतीवर पाणी मारणार होती. मी तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो. मी सहसा असं काही करत नाही.

"रेघा जातील," मी म्हणालो.

"जाणारच, भाऊजी. गिलावा आहे तो."

मग मी पत्राचं सांगितलं. दहा महिन्यांचं सगळं सांगितलं, उभ्याउभ्या, मेव्हण्यासमोर. मिस्त्रीने ऐकून घेतलं. तो रागवेल असं वाटलं होतं. तो म्हणाला, "आपली बहीण तिथे फळ्याखाली वाकून लिहितेय आणि तू इथे शब्दकोश उघडतोयस?" तेवढंच. ते पुरेसं होतं.

भावजयीने घमेलं खाली ठेवलं. आत जाऊन सुतळीचं बंडल आणलं. एक टोक तिने अकराव्या थरावरच्या पहिल्या रेघेला लावलं आणि मला धरायला सांगितलं. मग रेघ आली की गाठ, रेघ आली की गाठ. तेराव्या थराशी आल्यावर एकावर एक गाठी पडत गेल्या, हरभऱ्याएवढा गोळा झाला. फुल्या ती सोडून देत होती.

"त्या का सोडतेस?" मिस्त्री म्हणाला. "तिथे लाल दोरा बांध. तीही वाकत असेल. तिला कळू दे."

सोळाव्या थराच्या जागी लाल दोरा बांधला. एकोणिसाव्याला शेवटची गाठ. वर एकविसाव्यापर्यंत रिकामी सुतळी ठेवून तिने ती कापली.

मग भिंतीवर पाणी पडलं आणि विटा लाल झाल्या. मिस्त्रीने खालून सुरुवात केली. उंची आली तेव्हा त्याने मेव्हण्याला ठेंगणी परांची बांधायला लावली, दोन टप्प्यांची, म्हणजे भिंत कायम छातीच्या उंचीवर राहील. तीस वर्षं तो ताठ उभं राहून हात लांबवून काम करत आला होता. आता वर चढायचं आणि हात बेताने चालवायचा. दर थोड्या वेळाने थापी ठेवायचा, हात खिशात घालायचा, पाती मागे खेचायचा, पुन्हा थापी घ्यायचा. ओळंबा त्याने माझ्या हातात दिला होता. "दादा, हलू नकोस. श्वास घेतलास तरी चालेल." एका दिवसाची भिंत चार दिवस चालली. शेवटच्या दिवशी त्याने ओली भिंत लाकडी रंध्याने गोल गोल घोटली आणि खाली उतरून लांबून बघितली. मेव्हणा उगाच भिंतीवर तळवा फिरवायला गेला तर त्याच्या हातावर फटका बसला. उजव्या हाताचा.

भावजय तोंड धुवायला आली. भिंतीकडे पाहिलं. "वरचा कोपरा जरा दाबायला हवा होता," म्हणाली आणि बराच वेळ तोंडावर पाणी मारत राहिली.

त्या दुपारी मी पत्र लिहिलं. एका बैठकीत झालं. शाळा उघडायला अजून सत्तावीस दिवस होते. लिहिलं ते एवढंच:

"ताई, उशिराची माफी मागायला तोंड नाही. मिस्त्रीचा हात वर गेला. पूर्ण नाही, दोन थर कमी. चौदा महिने लागले. संध्याकाळी दुखतो. त्याने आजच परसदारची भिंत पुरी केली, चार दिवसांत. सोबत सुतळी आहे. पहिली गाठ तुझा हात पहिल्यांदा जिथे अडला तिथे धर आणि भिंतीवर सुतळी सरळ वर लाव. प्रत्येक गाठ एका शनिवारची. जिथे गोळा आहे तिथे त्याला वाटलं होतं की संपलं. लाल दोऱ्यापाशी पोचलीस तर आधी कोणालातरी तुझ्या पाठीमागे ओळंबा धरायला लाव. तुझा हात आमच्या सुतळीसारखा जाईल की नाही ते मला माहीत नाही. मिस्त्री म्हणतो, फळा उंच असेल तर पायाखाली पाट घे, त्यात लाज कसली."

पाकीट फुगलं. मिस्त्री आणि मी टपालपेटीपर्यंत चालत गेलो. त्याचा हात खिशात. पेटी माझ्या डोक्याच्या उंचीची आहे. मी पाकीट तोंडाशी नेलं आणि थांबलो. "मिस्त्रीचा हात वर गेला" हे वाक्य लिहायला नको होतं का? सत्तावीस दिवसांत पोचेल ना? ती कपाटंच सांभाळत असेल तर? ती असेल ना?

मिस्त्री माझ्या मागे उभा होता.

"दादा," तो म्हणाला, "किती वेळ वर धरशील? अवघडेल हात."

मी सोडलं.